हिवाळी छायाचित्रण-सहली आणि वसईच्या इतिहासाची साधने : नंदाखाल परिसराच्या निमित्ताने

स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाला दफ्तरे, शिलालेख, चर्चच्या नोंदवह्या आणि मौखिक परंपरा ही साधने परिचित असतात. गेल्या काही दशकांत ह्या साधनांत आणखी एकाची भर पडली आहे. ते साधन म्हणजे हौशी मंडळींनी सहलीत काढलेली छायाचित्रे. चार-सहा मित्र सुटीच्या दिवशी पहाटेची गाडी पकडतात, एखाद्या गावी उतरतात, दिवसभर छायाचित्रे काढतात आणि दिवेलागणीच्या सुमारास परततात. इतिहासाची सेवा करण्याचा हेतू त्यांच्या मनात नसतो. तथापि पन्नास-साठ वर्षांनी त्याच चित्रांकडे पुरावा म्हणून पाहिले जाऊ लागते. ह्या पुराव्याचे स्वरूप कोणते, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि तो वापरताना अभ्यासकाने कोणती दक्षता घ्यावी, ह्यांचा विचार वसई तालुक्यातील नंदाखाल परिसराच्या आधाराने प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

नंदाखालची निवड करण्यास कारण आहे. विरार स्थानकाच्या पश्चिमेस आगाशी, निर्मळ, भुईगाव ह्या गावांच्या पट्ट्यात हे गाव वसले आहे. केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला ह्यांच्या वाड्या, त्यांना पाणी पुरविणाऱ्या विहिरी व बावखले, पवित्र आत्म्याच्या नावाने उभे असलेले चर्च आणि सामवेदी, वाडवळ इत्यादी समाजांची वस्ती ही ह्या पट्ट्याची ओळख होय. ख्रिस्ती धर्मगुरू व मराठी लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांचेही हेच गाव. मुंबईहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे हे ठिकाण असल्याने हिवाळ्यात येथे कॅमेरेवाल्यांची वर्दळ असते. त्याचबरोबर पाणी, जमीन आणि नागरीकरण ह्यांविषयीचे वाद ह्या भागात पुष्कळ काळ चालत आले आहेत. पूर्वी येथे काय होते, हा प्रश्न म्हणूनच येथे केवळ कुतूहलाचा राहत नाही.

१

पश्चिम भारतात छायाचित्रणाचा संघटित आरंभ मुंबईत झाला. दागेरच्या शोधाची वार्ता १८३९ साली युरोपात जाहीर झाली आणि पुढच्या पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली. कलकत्ता व मद्रास येथील संस्था त्यानंतर, म्हणजे १८५६ साली निघाल्या. मुंबईच्या संस्थेत गोऱ्या अधिकाऱ्यांबरोबर एतद्देशीय सभासदही होते. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नावाजलेले छायाचित्रकार होत. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली छायाचित्रणाचा वर्ग निघाला व त्यातून हरिश्चंद्र चिंतामण ह्यांच्यासारखे व्यवसायी पुढे आले. विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन ह्यांनी १८५६ ते १८५८ ह्या काळात हौशी छायाचित्रकारांच्या चित्रांचा एक मासिक संग्रह चालविला. त्याच्या अंकांत मूळ छायाचित्रे चिकटविलेली असत.

तथापि त्या काळी ‘सहल’ ही कल्पना आजच्यासारखी सुटसुटीत नव्हती. १८५१ साली प्रसृत झालेल्या कोलोडियन पद्धतीत काचेवर द्रव पसरून ती चंदेरी क्षाराच्या द्रावणात बुडवावी लागे. काच ओली असतानाच चित्र घेऊन लगेच तेथल्या तेथे ते सिद्ध करावे लागे. त्यामुळे छायाचित्रकाराबरोबर काळोखा तंबू, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, स्वच्छ पाणी आणि हे सर्व वाहणारे हमाल असत. उन्हाळ्यात कोलोडियन फार लवकर वाळे. पावसाळ्यात तर बाहेर तंबू ठोकणेच कठीण. उरला तो हिवाळा. हिवाळी छायाचित्रणाचा प्रघात पुढे रसिकतेने दृढ झाला असला, तरी त्याचे मूळ असे रसायनांच्या अडचणीत आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे.

१८८० च्या सुमारास तयार कोरड्या काचा बाजारात येऊ लागल्या आणि तंबूची गरज संपली. १८८८ साली कोडॅकचा पेटीवजा कॅमेरा आला, १९०० मध्ये त्याच कंपनीचा स्वस्त ‘ब्राउनी’ निघाला आणि १९२५ साली लायका कॅमेऱ्याने अरुंद फिल्मचा प्रसार केला. ओझे उतरले तसा छायाचित्रकारांचा वर्गही पालटला. लष्करी अधिकारी, वैद्य आणि श्रीमंत व्यापारी ह्यांच्या जोडीला कारकून, शिक्षक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी हाती कॅमेरा घेऊ लागले.

२

ह्या वर्गाची सहल रेल्वेने घडविली. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग १८६४ साली मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचला आणि वसईच्या खाडीवरील पुलामुळे वसईचा मुंबईशी थेट संबंध जुळला. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी उपनगरी गाडी सुरू झाली. तेव्हा दिवसातून एकच गाडी जाई आणि एकच येई. विजेवरील गाड्या १९२८ साली बोरिवलीपर्यंत व १९३६ साली विरारपर्यंत धावू लागल्या. गाड्यांची संख्या वाढल्यावर सकाळी जाऊन संध्याकाळी परतणे नोकरदारालाही शक्य झाले.

ह्या सोयीने एक मर्यादाही आखून दिली. एका दिवसाच्या सहलीत स्थानकापासून किती दूर जाता येते, ह्यावर कशाचे चित्र निघणार हे अवलंबून असते. वसईचा किल्ला प्रसिद्ध. तेथे वाट विचारावी लागत नाही. विरारला उतरून अर्नाळ्याच्या किनाऱ्याकडे जाणारी वाटही रुळलेली. नंदाखालसारख्या गावातून मात्र बहुतेक मंडळी पुढे निघून जात. छायाचित्रांचे संग्रह चाळताना एखाद्या गावाची चित्रे थोडी आढळली, तर ते गाव उपेक्षणीय होते असे अनुमान काढू नये. वेळापत्रक, रस्ता आणि परतीची गाडी ह्यांचा विचार आधी करावा.

चित्रांच्या संख्येचेही तसेच आहे. स्वातंत्र्योत्तर काळात आयातीवरील निर्बंधांमुळे फिल्म महाग व दुर्मीळ होती. हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० साली उटी येथे स्थापन झाली, पण तिचे उत्पादन सुरू होण्यास १९६७ साल उजाडले. सामान्य घरांत त्या सुमारास रुळलेल्या ‘आग्फा क्लिक थ्री’ कॅमेऱ्यात एका रिळावर बारा चित्रे बसत. पाच मित्र, एक कॅमेरा आणि बारा चित्रे असा हिशेब असला म्हणजे निवड आपोआप होते. दोन चित्रे मंडळींच्या समूहाची, तीन-चार किल्ल्याच्या कमानींची, एखादे चर्चच्या दर्शनी भागाचे, एखादे मावळत्या सूर्याचे. वाडीतला पाट, बावखलाचा काठ किंवा शेणाने सारवलेले अंगण ह्यांच्या वाट्याला रिळाची शेवटची दोन चित्रे आली तरी पुष्कळ. आज इतिहासाला नेमकी तीच दोन हवी असतात.

३

हिवाळ्याचा प्रकाश हाही ह्या साधनाच्या घडणीचा एक घटक आहे. वसईचे अक्षांश सुमारे १९ अंश २० कला उत्तर. डिसेंबरच्या अखेरीस येथे भर मध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच असतो. म्हणजे खांबाची सावली दुपारी बारा वाजताही जवळजवळ त्याच्या उंचीएवढी पडते. मेच्या मध्यास तोच सूर्य डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली लोपते. तिरपा प्रकाश दगडाचा पोत आणि कोरीव कामाची खोली उठावदार करतो, तर माथ्यावरचा प्रकाश तोच दगड सपाट करून टाकतो. हिवाळ्यात सकाळी वाड्यांवर तरंगणारे धुके ह्या प्रकाशात मिसळले की चित्राला आपोआप गांभीर्य येते. चित्रकलेच्या अंगाने छायाचित्रे घेणाऱ्या पंथाला हेच प्रिय होते. मुंबईत १९३० नंतर ह्या पंथाचा जोर होता आणि धुके, लांब सावल्या, बैलगाड्या व शिडाच्या होड्या हे त्याचे ठरीव विषय होते.

ह्याच गणिताचा अभ्यासकाला वेगळा उपयोग आहे. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत दक्षिणेकडे झुकलेला असतो. उत्तराभिमुख भिंतीवर ह्या काळात ऊन पडतच नाही. उलट मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते. जुन्या चित्रात एखादी ओळखीची इमारत असेल व तिच्या दिशा माहीत असतील, तर सावलीवरून ऋतू आणि स्थूलमानाने वेळ सांगता येते. तारीख नसलेल्या छायाचित्राला निदान ऋतू तरी लावता येणे ही लहान गोष्ट नव्हे. तिचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

४

वसईचे चित्रण कोणत्या दिशेने झाले? डॉ. जोसेफ गेर्सन द कुन्या ह्या गोमंतकीय विद्वानाचा चौल व वसई ह्यांच्या इतिहासावरील ग्रंथ १८७६ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. त्यात छायाचित्रे, शिळामुद्रित चित्रे आणि नकाशा ह्यांचा समावेश होता. स्थानिक इतिहासाच्या ग्रंथात छायाचित्र पुराव्याच्या दर्जाने आले, हा त्याचा विशेष. परंतु लेखकाचे लक्ष पुराणवस्तूंवर होते. १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे आलेली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी जिंकून घेतलेली वसई ही त्याच्या दृष्टीने मुख्यतः भग्नावशेषांची नगरी होती. पुढच्या सहलींनी हीच दृष्टी उचलली. कॅमेरा हाती आलेला प्रत्येक तरुण भग्न कमानीखाली उभा राहिला. किल्ल्याबाहेरची जी गावे त्याच काळापासून अखंड नांदत होती, त्यांच्याकडे मात्र पाठ फिरली. पडलेले चर्च चित्रणयोग्य ठरले. भरलेले चर्च नेहमीचे म्हणून सुटले.

ह्याउलट १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये वसईच्या बागायतीचे वर्णन आहे, रहाटाच्या पाण्यावर पिकणाऱ्या वाड्यांची माहिती आहे, आगाशीच्या केळ्यांचा व सुकविलेल्या केळ्यांचा उल्लेख आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या शासनलेखाचा तुकडा मिळाला होता. नवव्याचा तुकडा १९५६ साली नंदाखालजवळच्या भुईगावात मिळाला. म्हणजे लिखित साधनांना ह्या पट्ट्याचे प्राचीनत्वही दिसत होते आणि त्याची शेतीही. छायाचित्राचा डोळा मात्र बराच काळ किल्ल्यातच रमला.

जेव्हा तो माणसांकडे वळला, तेव्हा दुसरा दोष शिरला. विल्यम जॉन्सन ह्याने मुंबईतील जातीजमातींवर १८६३ व १८६६ मध्ये दोन खंड काढले. त्यांतील कित्येक चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपून त्यांच्यामागे दुसऱ्याच ठिकाणचे दृश्य जोडलेले आहे. ही युक्ती पुढे मागे पडली, पण वृत्ती टिकली. लाल लुगडे नेसलेली सामवेदी स्त्री ‘पारंपरिक वेशातील वसईकरीण’ ह्या मथळ्याखाली येते. ती कोणत्या वाडीची, त्या दिवशी सण होता की लग्न की रोजचा बाजार, हे मथळा सांगत नाही. वेश उरतो, प्रसंग गळून पडतो. इतिहासाच्या दृष्टीने जॉन्सनच्या जोडचित्रापेक्षा अशा चित्राची योग्यता फारशी अधिक नाही.

५

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९८८ च्या सुमारास फादर दिब्रिटो ह्यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीची चळवळ उभी राहिली. वाड्या, पाणी आणि मोकळी जमीन राखण्याचा तिचा आग्रह होता. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली आणि गावांच्या समावेशावरून पुन्हा वाद झाला. २०१४ साली पालघर जिल्हा निराळा झाला. जुलै २०१८ मध्ये अतिवृष्टीने ह्या भागातील वस्त्या व रेल्वेमार्ग पाण्याखाली गेले. अशा प्रत्येक प्रसंगी ‘पूर्वी येथे असे नव्हते’ हे विधान केले जाते आणि त्याच्या पुष्ट्यर्थ जुनी छायाचित्रे दाखविली जातात. ती बहुधा हिवाळी सहलींतली असतात.

येथे अभ्यासकाने थांबावयास हवे. बावखल म्हणजे वाडीच्या खोलगट भागातील तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरींना आधार देते. डिसेंबर-जानेवारीत ते भरलेले दिसणे साहजिक आहे. अशा चित्रावरून त्या काळी वैशाखातही पाणी टिकत असे, हे सिद्ध होत नाही. जुने जानेवारीचे चित्र आणि आजचे मेचे चित्र शेजारी ठेवून ऱ्हासाचा निष्कर्ष काढणे म्हणजे दोन ऋतूंची तुलना करून तिला दोन काळांची तुलना म्हणणे होय. ऱ्हास झाला नाही असे येथे सुचवावयाचे नाही. ऱ्हासाचे म्हणणे खरे असेल तेव्हा तर त्याला असा दुबळा आधार देणे अधिकच घातक, कारण प्रतिपक्ष पुरावा खोडून काढतो आणि म्हणणेही त्याबरोबर वाहून जाते.

ह्याची उलट बाजू अधिक गंभीर आहे. खाडीलगतच्या सखल खाजण जमिनी हिवाळ्यात कोरड्या, मोकळ्या आणि पडीक दिसतात. चित्रात त्यांच्यावर गुरे चरताना किंवा मुले खेळताना आढळतात. आषाढात ह्याच जमिनी पाणी सामावून घेतात. पावसाळ्यातील चित्रे जवळजवळ नाहीतच, कारण त्या दिवसांत कोणी सहलीस निघाला नाही. निघाला तर कॅमेरा घरी ठेवून. परिणामी चित्रसंग्रहाच्या साक्षीने ती जमीन कायमची कोरडी ठरते. जमिनीचे जे काम पावसाळ्यात चालते, त्याची नोंद हिवाळी साधनात होऊ शकत नाही. ह्या मौनाला जमिनीच्या रिकामेपणाचा पुरावा मानल्यास त्याची किंमत पुढच्या पुरात तेथे राहणाऱ्यांना चुकवावी लागते.

हा विचार प्रस्तुत लेखकास पुस्तकांतून सुचला नाही. काही वर्षांपूर्वी जानेवारीतील एका रविवारी चौघा मित्रांसमवेत नंदाखालला जाण्याचा योग आला. धुके विरण्याच्या आत चर्च, वाड्या, पानवेलींचे मांडव अशी चित्रे घेऊन आम्ही एका बावखलाच्या काठी आलो. पाण्यात माडांची प्रतिबिंबे पडली होती. प्रत्येकाने आपापल्या परीने ती टिपली. वाडीचे मालक, वयाने सत्तरीच्या पुढचे, हे सर्व शांतपणे पाहत होते. त्यांनी आम्हांस काठावरील दगडी बांधणीजवळ नेले. पूर्वी तेथे रहाट होता. दगडांवरील ओलाव्याचे आणि शेवाळाचे पट्टे बोटाने दाखवीत, आषाढात पाणी कोठवर चढते आणि चैत्र सरता सरता कोठवर उतरते, हे त्यांनी सांगितले. मग त्यांनी विचारले की, तुम्ही पाण्याचे फोटो घेतलेत, पण ह्या दगडांचा कोणी घेतला का? आमच्यापैकी कोणीही घेतला नव्हता. त्याच वर्षी मेमध्ये आम्ही दोघे पुन्हा तेथे गेलो. जानेवारीत पाण्याखाली असलेली बांधणी उघडी पडली होती आणि तळाशी थोडे हिरवट पाणी उरले होते. दोन्ही चित्रे एकाच वर्षाची आहेत. साल न लिहिता ती कोणास दाखविली, तर पाहणारा त्यांत वीस वर्षांचे अंतर सहज कल्पील.

६

ह्या विवेचनावरून काही नियम सुचतात. पहिला, कोणत्याही सहलीच्या छायाचित्राचा उपयोग करण्यापूर्वी त्याचा ऋतू ठरवावा. तारीख नसल्यास सावली, पिकाची अवस्था, वाळत घातलेली सुकेळी, नाताळचे आकाशकंदील, कार्तिक वद्य एकादशीपासून भरणाऱ्या निर्मळच्या यात्रेची दुकाने अशा खुणांचा आधार घ्यावा. दुसरा, तुलना करावयाची ती एकाच ऋतूतील, शक्यतो एकाच महिन्यातील चित्रांची. तिसरा, संपूर्ण रीळ पाहावे. निवडलेले एक चित्र छायाचित्रकाराची आवड सांगते. रिळाचा क्रम त्याचा मार्ग सांगतो आणि काय गाळले तेही सांगतो. चौथा, अंकीय कॅमेऱ्यातील चित्राबरोबर नोंदली जाणारी तारीख व वेळ उपयुक्त असली, तरी घड्याळ चुकीचे लावलेले असू शकते आणि भ्रमणध्वनीवरून चित्र पाठविताना ही नोंद पुष्कळदा गळून पडते. म्हणून मूळ प्रत मिळवावी. पाचवा, चित्रातील स्थळ व माणसे ओळखण्याचे काम गावकऱ्यांच्या साहाय्याने करावे आणि ज्यांची चित्रे आहेत त्यांची संमती असल्याखेरीज ती प्रसिद्ध करू नयेत.

ह्यांशिवाय विद्यार्थ्यांना एक सूचना करावीशी वाटते. वसई तालुक्यात आणि मुंबईच्या उपनगरांत अनेक घरांतून अशा सहलींचे संग्रह आणि निगेटिव्हचे डबे पडून आहेत. दमट हवेने त्यांवर बुरशी चढते आणि जिलेटिनचा थर सुटू लागतो. ज्यांनी ती चित्रे काढली ती माणसे आता वृद्ध झाली आहेत. मित्रमंडळींपैकी एखादाच उरला आहे. कोणत्या गाडीने गेलो, कोठे उतरलो, पाणी कोणाच्या विहिरीचे प्यालो, हे तोच सांगू शकतो. चित्राची प्रत नंतरही काढता येईल, पण ही साक्ष नंतर मिळणार नाही.

आणि पुढील सहल आखणाऱ्यांनी आपल्या आवडीच्या हिवाळ्याबरोबर वर्षातून एकदा, आषाढात, त्याच वाटेने जावे. आकाश करडे असेल, पाय चिखलाने भरतील, चित्रे सुंदर येणार नाहीत. पण हिवाळी चित्रांतील कोरडी खाजणे आणि बावखलाच्या काठचे ते दगड ह्यांचा अर्थ त्या चित्रांच्या आधारेच लावता येईल.